रकाना क्रमांक नऊ

वाळपईहून पावणेआठची कदंबा, नगरगावच्या पुढे.
पिशवीत निरीक्षणाचे तक्ते, रेकॉर्डर, दोन उंडे
आणि विद्यापीठाचं पत्र:
‘प्राथमिक स्तरावरील संभाषणकौशल्यांचे अध्यापन, एक अभ्यास’.
आतापर्यंत ते कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

शाळा एकशिक्षकी. मुलं सतरा.
घरात कोंकणी, पुस्तकात मराठी,
भिंतीवर रंगवलेलं ए फॉर अ‍ॅपल,
खिडकीबाहेर काजूची अख्खी बाग,
जिच्यासाठी भिंतीवर अक्षर उरलेलं नाही.

झिलू गावस मास्तर भले आहेत.
(याला रकाना नाही.)
ते विचारतात, “मध कोण गोळा करतं?”
आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकतात,
“मधमाशी. कोण? मध...”
“माशी!” सतरा तोंडं.

रकाना नऊ: प्रश्नानंतर शिक्षक किती सेकंद थांबले.
शून्य पूर्णांक सात. शून्य पूर्णांक नऊ.
एकदा दीड,
पण तेव्हा त्यांना शिंक आली होती.

मधल्या सुट्टीत म्हटलं, मास्तर, तीन सेकंद थांबून बघाल?
ते हसले. “बाई, तीन सेकंदांत हांगा वर्ग कोसळता.”
मग, पाहुणी हिरमुसायला नको म्हणून असेल,
थांबले.

“शाळेत यायला दोन वाटा आहेत.
तुम्ही कुठल्या वाटेनं येता, आणि का?”
एक.
फळ्याच्या चौकटीवरून खडूची भुकटी घरंगळली.
दोन.
पदेराचा भोंपू, लांब, पुलापलीकडे.
तीन, चार,
मास्तरांचा हात खिशात गेला, रिकामा बाहेर आला,
आणि पहिल्या बाकावरची सान्वी उठून उभी राहिली,
काळजीनं म्हणाली,
“सर, तुमकां बरें ना?”

‘विद्यार्थ्याने स्वतःहून विचारलेले प्रश्न’
या रकान्यात मी एक काडी ओढली.
आठवड्यातली पहिली.

रात्री भाड्याच्या खोलीत हेडफोन लावून
शब्द न् शब्द उतरवत बसते.
‘सामूहिक उत्तर.’ ‘बाक सरकल्याचा आवाज.’ ‘अस्पष्ट.’ ‘अस्पष्ट.’
बेचाळिसाव्या मिनिटाला मी स्वतः,
नमुना-पाठ घेताना:
“काल घरी काय झालं, कोण सांगेल?”
जानू वरक. धनगरवाड्यावरचा.
आठवडाभर त्याच्या नावापुढे नुसत्या आडव्या रेघा.
“आमची म्हस,” तो म्हणतो, “काल रातीं...”
आणि तिथे माझा आवाज, गोड, प्रशिक्षित:
“वा! छान सुरुवात! आता दुसरं कोण?”

मागे घेतलं. पुन्हा ऐकलं.
‘रातीं’ आणि ‘वा’ यांच्यामध्ये
शून्य पूर्णांक चार.

सकाळी त्याला नळापाशी गाठलं, बाटली भरताना.
जानू, परवा रात्री म्हशीचं काय झालं रे?
आणि थांबले. खरंच थांबले.
बाटली भरली, तोंडावरून वाहायला लागली,
त्याच्या पायावर, माझ्या चपलेवर.
त्यानं नळ बंद केला. बूच लावलं.
रागावला नव्हता. उद्या सुट्टी आहे हे सांगावं
तितक्याच सरळ सांगितलं:
“तें काल सांगपाचें आशिल्लें.”

अहवाल मार्चअखेर द्यायचाय.
गाईड म्हणतात, निष्कर्ष मोजके ठेवा.
‘शिक्षक’ या मथळ्याखाली गावस मास्तरांचं नाव होतं,
त्याखाली माझं लिहिलं. रकाना नऊ भरला.
म्हशीचं कुठे लिहायचं ते कळत नाही,
तिला काय झालं तेही.
वाड्यावरून मास्तरांच्या चहाला दूध मात्र रोज येतं.
तेवढ्यावरून
अंदाज करते आहे.